त्रेचाळीस परिच्छेद आणि एक किरकोळ दुरुस्ती

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत उपनगर निवासवाटप महामंडळाची तीन मजली इमारत होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, संगणक विभागात, ‘मुख्य-काम’ या नावाचा एक परिच्छेद कार्यरत होता. सदर परिच्छेदाची लांबी एक हजार आठशे चौतीस ओळी होती, आणि १९८४ सालच्या जून महिन्यापर्यंत तो आरंभापासून अखेरपर्यंत कोणी वाचल्याची नोंद कार्यालयात नव्हती.

परिच्छेद म्हटल्यावर मराठीच्या मास्तरांची आठवण होऊन कुणी दचकू नये. कोबॉल नावाच्या भाषेत मशीनला हुकूम लिहून देतात, आणि अशा हुकमांच्या एका गठ्ठ्याला परिच्छेद म्हणतात. शहाण्या माणसाचा परिच्छेद दहा-वीस ओळींत आटोपतो. त्याला नाव असतं आणि नावावरून काम कळतं. महामंडळाचा परिच्छेद मात्र सगळा मिळून एकच होता, आणि त्याचं नावच ‘मुख्य-काम’ असल्यामुळे आत नेमकं काय चालतं हे विचारणं कुणाला शिष्टाचाराला धरून वाटत नसे. तो मुळात ज्याने लिहिला तो मनुष्य मस्कतला निघून गेला होता. त्याच्यानंतर जो येई तो मध्येच कुठेतरी चाळीस-पन्नास ओळी घुसडी, वर ‘याला हात लावू नये’ अशी टीप लिही आणि बदली करून घेई. शिपाई धोंडू परबने एकदा तो छापलेला परिच्छेद जमिनीवर अंथरून पाहिला, तेव्हा तो साहेबांच्या केबिनपासून मोरीपर्यंत भरला होता.

हा परिच्छेद दर तिमाहीला एकदा चाले. मशीनच्या थंडगार खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आवाज चढवायचा नाही, असा नियम होता. घरच्या देवापुढे न वाकणारे अधिकारीही तिथे हात जोडल्यासारखे उभे राहत. चार तास घरघर करून मशीन महामंडळाच्या घरांसाठी ताटकळणाऱ्या अर्जदारांची क्रमवार यादी बाहेर टाकी. पहिल्या शंभरांना घर मिळे. बाकीच्यांना पुढची तिमाही मिळे.

या यादीत सहाशे बारावा क्रमांक होता नंदकुमार आजगावकरचा. नंदकुमार त्याच संगणक विभागात कनिष्ठ प्रोग्रामर होता. वय अठ्ठावीस, मुक्काम कांदिवली, थोरल्या भावाच्या चाळीतल्या खोलीत. भाऊ, वहिनी, दोन पुतणे आणि वहिनीचं शिवणयंत्र यांची सोय लागल्यावर जी जागा उरे तीत तो झोपे. गेली तीन वर्षं त्याचा क्रमांक सहाशे बाराच होता. दर तिमाहीला शंभर कुटुंबं नव्या घरात दूध उतू घालवत होती, तरी नंदकुमारच्या पुढे सहाशे अकरा माणसं होती तशीच उभी. बी.एस्सी.ला गणितात पहिला वर्ग मिळालेला असल्यामुळे या गोष्टीचा त्रास त्याला इतरांपेक्षा जरा जास्तच होई.

पण त्रास नुसता गणिताचा नव्हता. विलेपार्ल्याच्या कुंदाशी त्याचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे दोघांचं ठरलं होतं. कुंदाच्या बाबांचं ठरायचं होतं. “मुलगा चांगला आहे,” बाबांनी सांगून टाकलं होतं, “पण चांगुलपणाला दारं-खिडक्या नसतात. यंदाच्या तुळशीच्या लग्नापर्यंत घराची किल्ली दाखवा. नाहीतर ठाण्याचं स्थळ आहे. दोन खोल्या आणि गॅलरी.”

“तुझं मशीन मोजतं की जप करतं रे?” बिस्किटांच्या कारखान्याच्या कुंपणाकडेने चालता चालता कुंदा म्हणाली. “तीन वर्षं आपलं सहाशे बारा, सहाशे बारा!”

“आत काहीतरी गडबड आहे.”

“मग आत शीर ना! रोज त्याच्यासमोर बसून काय त्याची आरती करतोस?”

“अठराशे ओळी आहेत, कुंदा. एकाच पॅराग्राफमध्ये. मध्येच लिहिलंय ‘तिकडे जा’. तिकडे गेलं की तिथे लिहिलंय ‘पुन्हा वर जा’. वर गेलं की ‘आता सोडून द्या’.”

“म्हणजे तुमच्या खिडकीवरची माणसं जे बोलतात तेच ना? हे बघ नंदू, तुळशीच्या लग्नाला पाच महिने आहेत. नंतर मी ठाण्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालत असेन. मला दोष द्यायचा नाही, सांगून ठेवते.”

हे ती हसत म्हणाली, पण नंदकुमारला काही हसू आलं नाही. कुंदावर त्याचा भारी जीव होता, आणि गॅलरीशी स्पर्धा करण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं.

त्याच वर्षी पवईला झालेल्या पंधरा दिवसांच्या शिबिरात नंदकुमार एक नवी विद्या शिकून आला होता. लांबलचक परिच्छेद फोडावा. एका परिच्छेदाने एकच काम करावं. त्याला असं नाव द्यावं की वाचणाऱ्याला आत डोकावायची गरज पडू नये. मग वरच्या मुख्य परिच्छेदात फक्त नावं राहतात: आधी हे करा, मग ते करा. शिबिरातल्या प्राध्यापकांनी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि वही बंद केली. नंदकुमारने मात्र वही उघडी ठेवली, कारण त्याला लग्न करायचं होतं.

विभागप्रमुख अनंतराव मुळगावकर साहेबांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि ते चौदाही महिने बिनबोभाट जावेत एवढीच त्यांची देवापाशी मागणी होती.

“चालतंय ना?” साहेबांनी विचारलं.

“चालतंय, साहेब. पण कसं चालतंय ते कळत नाही.”

“मग कळून घ्यायचंय कशाला? माझं लग्न बत्तीस वर्षं चाललंय. मी कधी आत डोकावलो का? चालत्या गाड्याला खीळ घालू नये, आजगावकर.”

नंदकुमार उठता उठता पुटपुटला, “तसं नाही साहेब, थोडं सुलभीकरण झालं असतं.”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. मुख्यालयाने ते वर्ष ‘सुलभीकरण वर्ष’ म्हणून जाहीर केलं होतं. प्रत्येक विभागाने काय सुलभ केलं त्याचा अहवाल ऑगस्टअखेर मागवला होता, आणि संगणक विभागाच्या फायलीत अजून फक्त ते परिपत्रकच होतं. पाच मिनिटांत मंजुरी मिळाली.

जुलै आणि ऑगस्टचे महिने नंदकुमारने त्या परिच्छेदाच्या पोटात घालवले. ओळींचा एखादा झुबका एक काम करताना दिसला की तो कापून वेगळा काढायचा, पुन्हा पुन्हा वाचायचा, नीट उमगला की नाव द्यायचं. मुख्यालयाच्या नियमाप्रमाणे नाव मराठी पण लिपी रोमन, कारण मशीनला दुसरी लिपी येत नसे. नावं टंकायला शेजारच्या टेबलावर जयंती पाटकर होती. तिची बोटं मशीनपेक्षा वेगाने चालत आणि तोंड बोटांपेक्षा.

“नंदू, हे असंच मारू?” पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं. “‘फोन-आलेल्यांना-पुढे-घ्या’?”

“त्या एकोणसत्तर ओळी तेच करतात.”

“करतात रे. पण लिहायचं?”

“शिबिरात सांगितलंय, नावाने काम सांगितलं पाहिजे.”

नंदकुमार बंडखोर वगैरे मुळीच नव्हता. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर तो स्वतःच एक पाऊल मागे सरके. परंतु त्याला जी विद्या शिकवली होती ती त्याने इमानाने वापरली, आणि एकामागून एक नावं तयार होत गेली. एका तुकड्याचं काम होतं, हरवलेले अर्ज सापडू न देणं. त्याला त्याने ‘हरवलेले-हरवलेलेच-ठेवा’ म्हटलं. रिकाम्या असलेल्या घरांतली काही घरं दुसऱ्या एका तुकड्यात मोजणीतून गळत. तो झाला ‘रिकामं-घर-दडवा’. एकदा तर त्याला ‘आपल्या-माणसाला-आपलं-म्हणा’ असं नाव द्यावं लागलं. महामंडळाशी संबंधित माणसांना तिथे अलगद वर उचललेलं होतं. नंदकुमारला ते बघून चीड आली आणि कोण असतील हे लेकाचे, असं तो जयंतीला म्हणालासुद्धा. सर्वांत विचित्र तुकडा बावीस ओळींचा होता. जो अर्जदार खिडकीवर येऊन ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारून चिठ्ठी भरी, त्याच्या अर्जात ‘हालचाल’ झाली असं मशीन समजे आणि हालचाल झालेला अर्ज नवा धरून मागे टाकी. त्याचं नाव ‘चौकशी-करणाऱ्याला-मागे-सरका’.

सहाशे बाराचा उलगडा झाला तो असा. ज्यांच्यासाठी वरून कुणाचा फोन आला ती माणसं कुठूनही उचलली जाऊन पहिल्या शंभरांत बसत, घर घेत आणि निघून जात. मधून कुणी चौकशी करून मागे गेलाच, तर त्याची जागा नवा फोनवाला घेई. नंदकुमार भिडस्त, त्याने जन्मात चौकशीची चिठ्ठी भरली नव्हती, म्हणून तो निदान जिथल्या तिथे तरी राहिला होता.

एकूण त्रेचाळीस तुकडे निघाले. त्रेचाळिसावा अगदी तळाशी होता, नऊ ओळींचा. ज्याचा अर्ज आधी त्याला घर आधी, एवढंच तो करी. नंदकुमारने आनंदाने त्याचं नाव ‘क्रमाने-घर-द्या’ ठेवलं. मग त्याच्या लक्षात आलं की त्या नऊ ओळींना हाक मारणारी ओळ उरलेल्या अठराशे पंचवीस ओळींत कुठेही नाही. मस्कतवाल्याने त्या लिहिल्या असाव्यात, आणि नंतर कुणीतरी त्यांच्याकडे येणारी वाट बुजवून टाकली असावी.

सुलभीकरणाचा अहवाल साहेबांकडे गेला. सोबत त्रेचाळीस परिच्छेदांच्या नावांची यादी होती. पुऱ्या दोन पानांची. महामंडळाच्या अकरा वर्षांच्या इतिहासात मशीन काय करतं हे कुणा अधिकाऱ्याला वाचून समजण्याचा हा पहिलाच प्रसंग. साहेबांनी पहिलं पान वाचलं, उठून केबिनचं दार लावलं, मग दुसरं वाचलं.

“आजगावकर, हे काय लिहिलंय?”

“मशीन जे करतं तेच, साहेब.”

“करतं ते ठीक आहे हो! लिहिलंत कशाला?”

“नाव द्यायचं म्हटल्यावर...”

“इतके दिवस नाव नव्हतं तर कुणाचं काही अडलं होतं? उद्या ही यादी विधानसभेत गेली तर? अहो, ‘मुख्य-काम’ होतं तोपर्यंत आपण काम करत होतो. तुम्ही आता गुन्ह्यांची अनुक्रमणिका केलीत!”

नंदकुमारचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “साहेब, त्या ओळी काढून टाकू?”

“काढू नका!” साहेब किंचाळले. “ओळी तपासलेल्या आहेत. अकरा वर्षं चाललेल्या आहेत. चूक नावांत आहे. नावं बदला.”

त्यानुसार परिच्छेद नामकरण समिती नेमण्यात आली. सात सदस्य, त्यांपैकी एक संस्कृतचे जाणकार म्हणून बाहेरून आणलेले. समितीच्या नऊ बैठका झाल्या. ओळींना हात लावायचा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरल्यामुळे काम झपाट्याने झालं. ‘हरवलेले-हरवलेलेच-ठेवा’ याचं ‘अभिलेख-विश्रांती’ झालं. ‘रिकामं-घर-दडवा’ हे ‘निवास-चिंतन’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं. ‘आपल्या-माणसाला-आपलं-म्हणा’ वर बराच वाद होऊन ‘सेवांतर्गत-आपुलकी’ हे नाव एकमताने संमत झालं. ‘चौकशी-करणाऱ्याला-मागे-सरका’ याला संस्कृतच्या जाणकारांनी ‘अर्जदार-संयम-संवर्धन’ असं नाव सुचवलं, तेव्हा अध्यक्षांनी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. ‘क्रमाने-घर-द्या’ या एका नावावर कुणाचीच हरकत नव्हती. उलट ते इतकं आवडलं की तळमजल्यावर दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत लावावं असा ठराव झाला. त्या परिच्छेदाला हाक मारण्याचा ठराव मात्र कुणी मांडला नाही, कारण तो विषयपत्रिकेवर नव्हता.

राहिलं ‘फोन-आलेल्यांना-पुढे-घ्या’. त्याच्यासाठी स्वतंत्र बैठक घेऊन ‘विशेष-प्राधान्य-निश्चिती-कार्यपद्धती’ असं भारदस्त नाव काढलं गेलं. आता मशीनची एक खोड अशी की तीस अक्षरांच्या पुढचं नाव ते सरळ छाटून टाकी. जयंतीने रोमन लिपीत नाव टंकलं, ‘निश्चिती’ आणि तिच्यापुढची रेघ संपेपर्यंत अठ्ठावीस घरं भरली, आणि ‘कार्यपद्धती’तला ‘का’ तेवढा आत आला. मुख्यालयाकडे गेलेल्या यादीत छापून आलं: ‘विशेष-प्राधान्य-निश्चिती-का’.

आठ दिवसांत मुख्यालयाचा मेमो आला. ‘विशेष प्राधान्य निश्चितीबाबत आपल्या विभागाकडील यंत्राने “का” असा प्रश्न उपस्थित केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रश्न उपस्थित करण्याचे अधिकार यंत्रास कोणी प्रदान केले, याचा खुलासा संबंधित कर्मचाऱ्याने तीन दिवसांत करावा.’

“अगं, हा प्रश्न नाही, हे शेपूट आहे!” नंदकुमार डोक्याला हात लावून जयंतीला म्हणाला.

“मला काय सांगतोस? त्यांना सांग.”

“सांगितलं. ते म्हणतात, शेपटालाच ‘का’ कसा आला?”

“वाट लागली तुझी,” जयंती म्हणाली, आणि पुढची कामं टंकू लागली.

शेवटी समितीची दहावी बैठक होऊन नाव ‘विशेष-प्राधान्य’ एवढंच ठेवलं गेलं. यापुढे कोणत्याही नावाचं छाटलेलं टोक प्रश्नार्थक निघू नये याची दक्षता घ्यावी, असं परिपत्रकही निघालं. ते सर्व विभागांना गेलं. बागकाम विभागानेही सही करून पोच दिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण सुलभीकरणाचा अहवाल व्यवस्थापकीय संचालकांनी वाचला आणि त्यांना साक्षात्कार झाला. एकाने एकच काम करावं, कामाला चांगलं नाव असावं, हे तत्त्व केवळ मशीनपुरतं का? पंचवीस सप्टेंबरपासून ते सबंध कार्यालयाला लागू झालं. तळमजल्यावरची एक खिडकी फोडून त्रेचाळीस खिडक्या करण्यात आल्या. ‘अर्ज-स्वागत’, ‘अर्ज-अवलोकन’, ‘टाचणी-प्रदान’, ‘टाचणी-परत’. प्रत्येक खिडकीवरचा माणूस फक्त पाटीवरचं काम करी आणि पुढच्या खिडकीचं नाव सांगे. अर्जदार मात्र खूष दिसले. पूर्वी आपलं काम कुठे अडलंय ते कळत नसे, आता पाटी वाचून कळतं, असं एकाने अभिप्रायवहीत लिहून ठेवलं.

धोंडूच्या चहाचंही सुलभीकरण झालं. एक दिवस नंदकुमार पाहतो तो धोंडू साहेबांच्या टेबलापाशी चहाचा कप हातात धरून पुतळ्यासारखा उभा.

“काय झालं धोंडूमामा? ठेवा की कप.”

“माका ‘कप-उचल’ दिल्यानी हा,” धोंडू म्हणाला. “‘कप-ठेव’ गुणाजीकडे. तो रजेर गेलो. खाली ठेवूचो अधिकार माका नाय.”

“अहो, हात दुखेल तुमचा!”

“दुखतलो मगे. पन दुखता ता काम माझ्या पाटयेर नाय, तेव्हा कोणाक सांगू?”

नंदकुमारने इकडेतिकडे पाहून कप स्वतःच टेबलावर ठेवला. त्याबद्दल त्याला समज देण्यात आली.

असा ऑक्टोबर उजाडला. तुळशीचं लग्न महिन्यावर आलं, आणि त्याच्या आधी तिमाही यादी निघायची ती ही एवढीच. कुंदाच्या बाबांनी ठाण्याच्या मंडळींना चहाला बोलावल्याची बातमी आली होती. कुंदा आजकाल भेटली की चेष्टा करत नसे, आणि नंदकुमारला ते जास्त जड जाई.

यादीच्या आदल्या दिवशी दुपारी विभागातले सगळे पाटी-पूजनाच्या समारंभाला खाली गेले होते. मशीनच्या खोलीत नंदकुमार एकटा. त्याच्या मनात आलं, एकच तर ओळ लिहायची आहे. मुख्य परिच्छेदात बाकीची सगळी नावं बाजूला सारायची आणि लिहायचं: ‘क्रमाने-घर-द्या’ करा. भिंतीवर पितळी अक्षरांत लावलेलं काम मशीनकडून करून घेतलं तर कोण हरकत घेईल? नुसती चाचणी तर करून पाहू. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या नऊ ओळींना कुणी हाक मारणार होतं. त्याने ओळ घातली आणि मशीन सुरू केलं.

चार तास लागायचे ते काम अकरा मिनिटांत झालं.

हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर यादी बाहेर येऊ लागली. पहिला क्रमांक: रुक्मिणी गोविंद तोरसकर, घाटकोपर, अर्ज १९७१. महामंडळ स्थापन व्हायच्या आधी, जुन्या कार्यालयात दिलेला अर्ज. नंदकुमारला बाई आठवल्या. गिरणीकामगाराची विधवा, नऊवारी, हातात कापडी पिशवी. दर महिन्याला न चुकता येत, चौकशीची चिठ्ठी भरत, ‘येते हं, दादा’ म्हणून जात. खऱ्या यादीत त्या दोन हजारांच्या खाली कुठेतरी होत्या, आणि दर चिठ्ठीला आणखी खाली जात होत्या. उद्या या बाईंना घर मिळणार, आणि ते आपल्या एका ओळीने, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

डोळे पुसून तो स्वतःचं नाव शोधू लागला. सहाशे बारा: कुणीतरी पेडणेकर. पाचशे, चारशे, तीनशे, वर वर पाहत गेला. नाही. मग खाली. आठशे. बाराशे. कागद त्याच्या पायाशी साचत गेला. एक हजार नऊशे चारवर त्याला स्वतःचं नाव भेटलं.

त्याने दोनदा वाचलं. मग त्याला ‘सेवांतर्गत-आपुलकी’ आठवली. आपल्या माणसाला आपलं म्हणणाऱ्या त्या तुकड्याने नोकरीला लागल्याच आठवड्यात त्याला अलगद उचलून सहाशे बारावर ठेवलं होतं. ज्यांना तो लेकाचे म्हणाला होता त्यांच्यात तो स्वतःच निघाला. क्रमाने घर मिळायचं तर त्याला १९८९ साल उजाडणार होतं.

त्या संध्याकाळी त्याने पार्ल्याला जाऊन कुंदाला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग तिने विचारलं,

“त्या बाई कोण म्हणालास?”

“रुक्मिणी तोरसकर. तेरा वर्षं.”

“बिचारी,” कुंदा म्हणाली, आणि खरोखरच तिला वाईट वाटलं. बिस्किटांचा वास येत होता. मग कुंदाने विचारलं, “त्या कागदाचं काय केलंस?”

“बॅगेत आहे.”

“ती ओळ?”

“अजून आहे. उद्या सकाळी साहेबांची सही झाली की मशीन चालेल.”

“नंदू, आपण काही तिचं घर घेत नाही आहोत. तिला तसंही मिळत नव्हतं.” हे बोलताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती. “आणि तू तीन वर्षं थांबलास ते काय खोटं आहे?”

“खोटं नाही.”

“मग ती तुझ्या बाबतीत झालेली चूकच आहे ना एका परीने? चूक दुरुस्त करायला कुणाचं काय जातं?”

नंदकुमारने मान हलवली. गणितात पहिला वर्ग असूनही त्याला या हिशेबात खोट सापडली नाही, किंवा त्याने ती शोधली नाही. तो एवढंच म्हणाला, “चार ओळींचा एक पॅरा लागेल. पण नाव काय देऊ?”

कुंदाने क्षणभरच विचार केला. “‘किरकोळ-दुरुस्ती’ लिही. किरकोळ म्हटलं की कुणी आत बघत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘क्रमाने-घर-द्या’ला हाक मारणारी ओळ नंदकुमारने पुसून टाकली आणि बाजूला सारलेली नावं परत जागेवर आणली. तिच्या जागी चव्वेचाळिसावा परिच्छेद आला. साहेबांनी यादीत नवं नाव पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि सही ठोकली. “शाबास आजगावकर, आता कुठे तुम्हाला नावं देता यायला लागली,” ते म्हणाले. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. शिबिरातल्या प्राध्यापकांनी म्हटलंच होतं की नाव नीट असेल तर आत डोकावायची गरज पडत नाही. यादीत नंदकुमार आजगावकर यांचा क्रमांक सत्त्याण्णव आला. अगदी पहिला घ्यायला त्याला संकोच वाटला होता.

मार्गशीर्षात लग्न झालं आणि मुलुंडच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, सत्यनारायणाची पूजा झाली. शिऱ्याच्या बशा हातात घेऊन शेजारीपाजारी बसले होते. बोलता बोलता घर कसं मिळालं याच्या गोष्टी निघाल्या. समोरच्या बिऱ्हाडाला मानवतेच्या दृष्टिकोनातून मिळालं होतं. वरच्या मजल्यावरचे विशेष बाब म्हणून आले होते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “आमच्या ह्यांचा तसा काही वशिला नव्हता हो, फक्त एका ओळखीच्या माणसाने जरा लक्ष घातलं.” सगळ्यांनी नंदकुमारकडे पाहिलं. “आमची चूक झाली होती कागदांत,” कुंदा पटकन म्हणाली, “ती दुरुस्त झाली.” मंडळींनी माना डोलावल्या. अन्याय दूर झाल्याचं सगळ्यांनाच बरं वाटलं. चाळीस बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत क्रमाने आलेलं एकही बिऱ्हाड नव्हतं, आणि वाईट माणूसही एक नव्हता.

आता ही गोष्ट वाचून आपण नंदकुमारला हसलात, ते ठीकच झालं. त्यासाठीच ती लिहिली. रुक्मिणीबाईंनी ती वाचली असण्याचा संभव कमी, कारण चिठ्ठी भरायला त्यांना त्रेचाळीस खिडक्या फिराव्या लागतात आणि दिवस त्यातच जातो. आपण मात्र ती कुठेतरी निवांत बसून वाचली आहे. ज्या खोलीत बसला आहात ती, किंवा ज्या नोकरीच्या सुट्टीत वाचता आहात ती, किंवा ज्या शाळेत शिकल्यामुळे हे वाचता आलं ती, यांपैकी आपल्याला क्रमाने काय मिळालं, ते एकदा घरातल्या थोरांना विचारून पाहा. ते जे सांगतील त्याचं नाव ऐकायला फार चांगलं असेल.